बंद खोलीतला कूलर

गल्लीत तिला सगळे तारकाकू म्हणायचे. तांब्याची तार हातात धरूनच तिचं निम्मं आयुष्य गेलं होतं, म्हणून. नवऱ्याचं पंखे-कूलर दुरुस्तीचं दुकान घराच्याच पुढच्या खोलीत होतं. तो पुढे बसून पंखे खोलायचा आणि गिऱ्हाइकांशी गप्पा मारायचा. जळलेल्या मोटारी मागच्या खोलीत यायच्या आणि तिथे तारकाकू त्यांची जळकी तार कापून काढून नवी तार गुंडाळायची. वाइंडिंगचं काम. तार केसासारखी बारीक, हात जरा जड पडला की तुटणारी. तिच्या हाताखालून गेलेली मोटार सहसा परत येत नसे.

विजेचं काम करणारी बाई म्हटल्यावर लोकांना वाटायचं, मोठी धीट असणार. कसली धीट! ती पालीला भ्यायची, लिफ्टला भ्यायची, अवेळी फोन वाजला की आधी छातीवर हात ठेवायची आणि मग फोन उचलायची. नवरा शिडीवर चढला की तो उतरेपर्यंत हिचं कामात लक्ष नसे. "वाइंडिंगची तेवढी भीती नाही हिला," नवरा गिऱ्हाइकांना सांगायचा, "कारण तेव्हा प्लग काढलेला असतो."

सगळ्यात जास्त ती भ्यायची कुत्र्यांना. लहानपणी नळावर पाण्याला गेली असताना एका कुत्र्यानं तिला धरलं होतं. पोटरीवर अजून वण होता, आणि पोटात घेतलेली इंजेक्शनं ती अजून विसरली नव्हती. गल्लीच्या तोंडाशी कुत्रं बसलेलं दिसलं की ती लांबचा वळसा घालून घरी यायची. ऊन असो की पाऊस, वळसा म्हणजे वळसा.

आणि तिच्याच एकुलत्या एका मुलीनं लग्नानंतर कुत्रा पाळला.

कुत्रा कसला, एक उशीच होती ती. बुटका, गुबगुबीत, सुरकुतलेल्या तोंडाचा. नाक असं नव्हतंच. कुणीतरी अंगठ्यानं आत दाबून टाकल्यासारखं. जागा असताना तो घोरल्यासारखा श्वास घ्यायचा आणि झोपला की खरोखरच घोरायचा. मुलीनं त्याचं नाव ठेवलं होतं गब्दू. तारकाकू मुलीकडे गेली की गब्दूला बाल्कनीत ठेवायचे, आणि ती काचेच्या दारावर एक डोळा ठेवून चहा प्यायची.

मुलीला दिवस गेले तेव्हा सगळं सुरळीत होतं. शेवटच्या महिन्यात मात्र तिचं ब्लडप्रेशर चढायला लागलं. डॉक्टरांनी तपासलं आणि घरी परत जाऊच दिलं नाही. बाळ होईपर्यंत इथेच पडून राहायचं, कसली चिंता करायची नाही, कुणी काही मनाला लागेल असं सांगायचं नाही. जावई ऑफिस आणि दवाखाना यांच्या मधे लटकलेला. त्या संध्याकाळी मुलीचा फोन आला. स्वतःबद्दल ती काही बोललीच नाही.

"आई, गब्दूला कुठे ठेवू गं? दिवसभर एकटा राहायचा नाही तो."

तारकाकूच्या तोंडून निघून गेलं, "इकडे पाठव."

नवऱ्यानं हातातला पाना खाली ठेवून तिच्याकडे पाहिलं. तिनंही त्याच्याकडे पाहिलं. आपण काय बोलून बसलो, हे तिला फोन ठेवल्यावर कळलं.

जावई गब्दूला घेऊन आला. बरोबर त्याची गादी, वाटी, खाण्याची पिशवी. "उन्हात नेऊ नका त्याला," जावयानं सांगितलं. "आणि खिडक्या लावून घ्या. उघडी दिसली की उडी मारतो. आमच्याकडे दिवसभर एसीत असतो तो, तेव्हा जरा गारव्यात ठेवा."

यांच्याकडे एसी नव्हता. पण कूलरवाल्याच्या घरी गारव्याला काय तोटा? मधल्या खोलीच्या खिडकीत त्यांचा जुना पत्र्याचा कूलर होता. तो तिनं खिडकीतून काढून खोलीत आत, दाराजवळ आणला, तेव्हा खिडकी लावून घेता आली.

"अगं, कूलर खिडकीत असतो, तो बाहेरची हवा ओढतो," नवरा पुटपुटला. "असा आत ठेवलास तर खोली चिकचिकीत होईल."

"आणि तो उडी मारून पळाला तर? पोरीला काय सांगणार तुम्ही?"

"मधलं दार तरी उघडं ठेव," एवढंच तो म्हणाला.

ते दार तारकाकूच्या कामाच्या खोलीत उघडायचं. तिनं ते उघडं ठेवलं, पण मधे गुडघ्याच्या वर येईल अशी प्लायवूडची फळी आडवी लावली. फळीच्या पलीकडे गब्दू, अलीकडे ती. खाण्याची वाटी ती फळीवरून लांब हातानं सोडायची आणि हात झटकन मागे घ्यायची. पहिले काही दिवस असे गेले. गब्दू फळीला नाक लावून बसायचा आणि तिचं काम बघायचा. तार तुटली की ती दचकायची. ती दचकली की तोही दचकायचा.

मग उन्हाची लाट आली. पत्रे वाजायला लागले, नळाचं पाणी चटका देऊ लागलं, दुकानात दुरुस्तीचे पंखे छातीएवढे साचले. त्या दिवशी नवरा सकाळीच एका शाळेतले पंखे उतरवायला गेला. जाताना म्हणाला, "दुपार होईल मला. दुकानाचं शटर अर्धं ओढून घे."

दुपारच्या आधीच गब्दूची जीभ बाहेर आली होती. तारकाकूनं फळीवरून वाकून कूलरचं बटण मोठ्यावर फिरवलं, टाकीत बादलीभर पाणी ओतलं. तेवढ्यानं भागेना, तेव्हा दुरुस्त झालेला एक टेबलफॅन आणून फळीलगतच्या खोक्यावर ठेवला आणि त्याचं तोंड थेट गब्दूकडे केलं. तोंड वळवताना वाऱ्याचा झोत तिच्याही मानेवरून गेला. घामेजलेल्या मानेला कसं बरं वाटलं. चला, आता हा शांत होईल, म्हणून ती कामाला बसली.

पण गब्दू वाऱ्यातून उठून गेला. भिंतीच्या कोपऱ्यात जाऊन पोट फरशीला टेकवून पसरला. पुन्हा उठला. दुसऱ्या कोपऱ्यात गेला. धाप चालूच. इतका वारा सोडलाय तरी ह्याची जीभ आत का जात नाही, हे काही तिला कळेना. माणूस असता तर एव्हाना चादर मागितली असती.

तिनं मान खाली घालून दोन-चार वेढे घातले असतील नसतील, फळी धाडकन वाजली.

गब्दू मागच्या पायांवर उभा होता. पुढचे पंजे फळीवर. डोळे लालभडक, तोंडातून चिकट लाळेच्या तारा लोंबत होत्या, जीभ जांभळट पडून एका बाजूला लटकली होती. तो सरळ तिच्याकडे बघत होता आणि त्याच्या घशातून करवतीसारखा आवाज येत होता. टेबलफॅन डगमगून आत पडला आणि फरशीवर घरघरत राहिला.

लाळ. लाल डोळे. नळावरचा तो कुत्रा असाच दिसत होता. पिसाळलाय हा! दुसरं काही तिच्या डोक्यातच आलं नाही. ती स्टुलावरून उठली, लांबूनच दाराला हात घातला, फळी पायानं आत ढकलली आणि दार लावून कडी घातली. मग पाठ दाराला लावून उभी राहिली.

दारापलीकडे कूलरचा घों घों आवाज. त्याच्यावर गब्दूची धाप. नखांची खरखर दाराच्या खालच्या फटीशी आली, पुन्हा लांब गेली. तिनं डोळे मिटून घेतले. हे येईपर्यंत उघडायचं नाही. काही झालं तरी उघडायचं नाही.

किती वेळ गेला कोण जाणे. मग नखांचा आवाज थांबला. धाप थांबली. नुसता कूलर चालू होता.

आधी तिला हायसं वाटलं. आणि मग त्या शांततेचीच भीती वाटायला लागली. झोपला असता तर घोरला असता. तो घोरत का नाहीये?

तिनं कडी काढून दार बोटभर उघडलं. आतून जी हवा अंगावर आली ती गार नव्हतीच. न्हाणीघरात गरम पाणी काढल्यावर येते तशी दमट, जड वाफ. भिंती ओल्या दिसत होत्या. खिडकीच्या काचेवरून पाण्याचे ओघळ उतरत होते. आणि कूलरच्या समोरच, वाऱ्याच्या तोंडाशी, गब्दू आडवा पडला होता. चारी पाय ताणलेले. तोंडाशी पिवळट उलटी.

तिनं फोन काढून नवऱ्याला लावला. घंटी ऐकू आली ती पुढच्या दुकानातून. तो फोन काउंटरवरच विसरून गेला होता.

आता या घरात ती होती आणि तो होता. तिनं कोपऱ्यातला झाडू घेतला, उंबऱ्यातूनच हात लांब करून दांड्यानं त्याला हळूच टोचलं. गुरगुरणं नाही, काही नाही. फक्त एक डोळा फिरला आणि तिच्यावर येऊन थांबला. तो डोळा पिसाळलेल्या जनावराचा नव्हता. त्यात राग नव्हताच. त्यात होती ती भीती. भीती ओळखायला तारकाकूला कुणी शिकवायची गरज नव्हती.

ती आत गेली. गुडघ्यांवर बसली. हात पुढे केला, मागे घेतला, पुन्हा पुढे केला. शेवटी एक बोट त्याच्या पाठीला लागलं आणि ती "आई गं!" म्हणून ओरडली. चावला म्हणून नाही. एवढं तापलेलं अंग तिनं उभ्या जन्मात पाहिलं नव्हतं. पातं अडकून पंखा जाम झाला आणि मोटार आतल्या आत घुमत राहिली की तिचा सांगाडा असा तापतो. मग वाराही येत नाही आणि मोटार बंदही पडत नाही, आतली तार जळेपर्यंत.

तिनं कूलरचं बटण बंद केलं, खिडकी उघडली आणि अनवाणीच रस्त्यावर पळाली.

भर दुपारची गल्ली. चिटपाखरू नव्हतं. छापखान्यापाशी पिण्याच्या पाण्याचे जार पोचवणाऱ्याचा टेम्पो तेवढा उभा होता. जारवाला म्हणजे आडदांड गडी, दोन खांद्यांवर दोन जार घेऊन जिने चढणारा. तिला तसं धावत येताना पाहून त्यानं जार खालीच ठेवला.

"काकू, काय झालं? आग लागली का?"

"कुत्रा... माझ्या लेकीचा... चल लवकर, मरतोय तो!"

जारवाला तिच्यामागे धावत मधल्या खोलीच्या दारापर्यंत आला आणि तिथेच थबकला. "बाप रे," तो म्हणाला. "काकू, मी उचलणार नाही हां. जार पोचवताना दोनदा चावलंय मला कुत्रं. तुम्ही म्हणाल ते आणतो, पण हात नाही लावणार."

एक घाबरट माणूस पुरेसं नव्हतं म्हणून की काय, देवानं दुसरं पाठवलं होतं.

"मग डॉक्टरला फोन तरी लाव!"

"नंबर?"

नंबर गब्दूच्या गळ्यात होता. पट्ट्याला एक पितळी बिल्ला होता, त्यावर जनावरांच्या दवाखान्याचा नंबर कोरलेला. बिल्ला हनुवटीच्या खाली गेला होता. तारकाकूनं गळ्यातला कामाचा चष्मा डोळ्यांवर चढवला आणि त्या उघड्या तोंडाखाली, दातांपासून वीतभर अंतरावर, वाकून एकेक आकडा मोठ्यानं वाचला. लाळ तिच्या मनगटावर पडली. आवाज इतका कापत होता की जारवाल्याला दोन आकडे पुन्हा विचारावे लागले.

पलीकडून बाईचा आवाज आला. जारवाल्यानं फोन मोठ्यावर करून दारातूनच हात लांब केला.

"कुठे आहे तो? खोलीत काय चालू होतं?"

"कूलर. पंखा पण. खूप वारा सोडला होता हो मी!"

"खिडक्या?"

"बंद."

मग डॉक्टरबाई भराभर बोलायला लागल्या. "आधी त्याला त्या खोलीतून बाहेर काढा. सावलीत, मोकळ्या हवेत. साधं पाणी ओता अंगावर. पोटावर, मांड्यांमधे, पंजांवर. बर्फ नको, फ्रिजचं पाणी नको. पूर्ण भिजला की मग त्याच्यावर पंखा लावा. तोंडात पाणी ओतू नका, गुदमरेल. थोडा भिजवा आणि लगेच गाडीत घालून इकडे आणा, येतानाही भिजवत राहा."

"उचलायचं कुणी?" जारवाल्यानं विचारलं.

डॉक्टरबाईंना वाटलं, प्रश्न आपल्यालाच आहे. त्या म्हणाल्या, "जो जवळ असेल त्यानं."

तारकाकू जवळ होती. तिनं डोळे घट्ट मिटले, दोन्ही हात त्याच्या खाली घातले आणि उचललं. तो ओल्या गोणीसारखा जड होता, मान लोंबकळत होती. चालताना त्याचं तोंड तिच्या गळ्याशी आलं. आता चावला तर इथेच चावेल, असं तिच्या मनात आलं. तरी ती चालत राहिली.

दुकानाच्या सावलीत त्याला खाली ठेवलं. जारवाल्यानं लांबूनच जार आडवा धरून पाणी सोडलं आणि ती हातानं ते त्याच्या पोटाला, पंजांना चोळत राहिली. दुकानातला एक पंखा लावला. आता त्याच वाऱ्यानं काम केलं. ओल्या अंगावरून वारा गेला तसा गब्दू एकदा शहारला. "हलला!" जारवाला ओरडला. "काकू, हलला तो!" आणि दोन पावलं मागे सरकला.

टेम्पोच्या मागच्या हौद्यात, जारांच्या मधे, ती गब्दूला मांडीवर घेऊन बसली. दवाखाना मोठ्या रस्त्याच्या पलीकडे होता. टेम्पो प्रत्येक खड्ड्यात उडत होता, रिकामे जार एकमेकांवर आपटत होते आणि ती एका हातानं दांडी धरून दुसऱ्या हातानं भरल्या जारातलं पाणी त्याच्यावर शिंपडत होती. "थांब रे. थोडा थांब. माझी पोरगी तिकडे पडलीय रे. तिला काय सांगू मी? थांब बाळा." एवढंच पुन्हा पुन्हा. सिग्नलला टेम्पो थांबला, वारा थांबला, आणि त्याबरोबर गब्दूचं पोटही थांबल्यासारखं तिला वाटलं. तिनं वाकून त्याच्या बसक्या नाकाशी गाल नेला. श्वास लागला. अगदी बारीक. मग सिग्नल सुटेपर्यंत तिनं गाल तिथेच ठेवला.

डॉक्टरबाई तिच्या मुलीच्याच वयाच्या होत्या. त्यांनी आधी ताप पाहिला. पारा बघून त्यांचा चेहरा बदलला तो तारकाकूला दिसला. पुढच्या पायावरचे केस मशीननं काढून त्यांनी सलाईन लावलं, अंगाखाली ओला टॉवेल घातला, सहायकाला पंखा ओढायला सांगितला. तारकाकू भिंतीला टेकून उभी होती. कपडे ओलेचिंब, पाय अनवाणी, फरशीवर तिच्याखाली पाण्याचं थारोळं.

"पिसाळला नाहीये ना हो?" तिनं विचारलं.

"नाही हो काकू. ह्याला उष्माघात म्हणतात." डॉक्टरबाई हात चालू ठेवूनच बोलत होत्या. "आपल्याला घाम येतो, तो वाऱ्यानं सुकतो, म्हणून पंख्याखाली गार वाटतं. कुत्र्याला घाम येत नाही, आला तर पंजांना थोडा. त्याचा सगळा भार जिभेवर. धाप टाकून तो तोंडातली ओल उडवतो आणि गार होतो. कोरड्या केसांवर तुम्ही कितीही वारा सोडा, फारसा उपयोग नाही. आणि बंद खोलीत कूलर चालवला की हवेतच पाणी भरतं. मग त्याची ओल उडणार कुठे? तो धापा टाकतो, टाकत राहतो आणि उलट त्या धापांनीच तापतो. त्यात ह्याचं नाक हे असं."

"मी दार लावलं," तारकाकू म्हणाली. "तो फळीवर पाय ठेवून बघत होता माझ्याकडे. बाहेर काढ म्हणत होता. मी दार लावलं."

डॉक्टरबाईंनी मान वर करून तिच्याकडे पाहिलं आणि पुन्हा पारा पाहिला. "ताप उतरतोय," त्या म्हणाल्या. "पण मी आत्ता शब्द देणार नाही. एवढा तापल्यावर मूत्रपिंडांवर, रक्तावर परिणाम दिसायला वेळ लागतो. उद्या-परवा कळेल."

तेवढ्यात फोन वाजला. पडद्यावर मुलीचं नाव होतं. उचलला नाही तर ती घाबरेल. उचलला तर आवाजावरून ओळखेल. तिनं कॉरिडॉरमधे जाऊन फोन कानाला लावला.

"आई, जेवलीस का? गब्दू काय करतोय?"

"झोपलाय."

"बरा आहे ना? त्रास नाही ना देत तुला?"

"नाही गं. कसला त्रास."

आतल्या पिंजऱ्यातून कुठलंसं मोठं कुत्रं जोरात भुंकलं.

"हे कोण भुंकतंय? हा गब्दूचा आवाज नाही."

तारकाकूनं भिंतीला हात टेकला. "रस्त्यावरचं आहे कुठलं तरी."

"आणि तू रस्त्यावर आहेस? कुत्रं भुंकतंय आणि तू पळाली नाहीस?"

"दार लावलेलं आहे," तारकाकू म्हणाली, आणि ते शब्द तोंडातून निघाल्याबरोबर तिला भडभडून आलं. "ठेवते गं, गिऱ्हाईक आलंय," म्हणून तिनं फोन बंद केला.

पुढचे दिवस तिनं जीव टांगणीला लावून काढले. गब्दू दवाखान्यातच होता. सकाळी उठून ती तिकडे जायची. बाकावर बसायची, आजूबाजूला पट्ट्यांना बांधलेली लहानमोठी कुत्री, आणि ती पाय वर घेऊन बसलेली. संध्याकाळी मुलीच्या दवाखान्यात जायची आणि हसरा चेहरा करून उशाशी बसायची. मुलगी रोज विचारायची, ही रोज सांगायची, झोपलाय, खाल्लं, खेळला. नवरा शेजारी मान खाली घालून बसायचा. परत येताना एकदा तो म्हणाला, "मला माहीत होतं खोली चिकचिकीत होते ते. मी पुटपुटलो आणि गेलो. ओरडून सांगायला हवं होतं." तिनं त्याच्याकडे पाहिलं नाही. ती मनात एकच हिशेब करत होती, हा गेला तर पोरीचं प्रेशर किती चढेल.

एका सकाळी गब्दूला लघवी झाली. डॉक्टरबाईंनी ती बातमी अशा काही आनंदानं सांगितली की तारकाकूला क्षणभर हसावं की रडावं कळेना. रक्ताची तपासणीही बरी आली. गब्दू उठून उभा राहिला, डळमळला, पुन्हा बसला. मग त्यानं तारकाकूकडे बघून आपलं ते शेपटीचं वेटोळं हलवलं. ज्या बाईनं दार लावलं तिच्याकडे बघून. ते तिला सहन झालं नाही, ती बाहेर जाऊन उभी राहिली.

लेकीला मुलगी झाली, तीही त्याच आठवड्यात. दोघी सुखरूप. प्रेशर उतरलं, डॉक्टरांनी घरी जायची परवानगी दिली, तेव्हा तारकाकूनं सगळं सांगून टाकलं. फोनवरच, समोर बसून सांगायची छाती नव्हती म्हणून. कूलर, खिडकी, फळी, दार. पलीकडे बाळाची कुरकुर तेवढी ऐकू येत होती.

"अगं, बोल काहीतरी. शिव्या दे."

"तू त्याला उचललंस?" मुलीनं विचारलं.

"हो."

"तू? हातांनी?"

"मग काय पायांनी?"

मुलगी हसली, आणि हसता हसता रडायलाच लागली. बराच वेळ दोघी फोनच्या दोन टोकांना नुसत्या मुसमुसत होत्या.

त्यानंतर दुकानात कूलर न्यायला कोणी आलं की मागच्या खोलीतून आवाज यायचा, "घरात जनावर आहे का हो?" कुणी हसायचं, कुणी उत्तर द्यायचं. एका पोस्टमनच्या घरी पोपटाचा पिंजरा कूलरच्या झोतासमोरच टांगलेला होता, पोपट दिवसभर पिसं फुलवून मलूल बसलेला. त्याला तिनं पिंजरा बाजूला घ्यायला लावला. एका बाईचा ससा बंद गॅलरीत पंख्याखाली असायचा. त्याच्यासाठी कौलाचा तुकडा ओला करून ठेवा, त्यावर तो पसरेल, हे तिनं डॉक्टरबाईंना विचारून सांगितलं. कूलर खिडकीतच बसवायचा आणि समोरचं दार उघडं ठेवायचं, हे सांगितल्याशिवाय ती नवऱ्याला कूलर गिऱ्हाइकाच्या हाती देऊ देत नसे. रस्त्यावरच्या कुत्र्यांना मात्र अजून तितकीच भ्यायची. वळसा सुटला नाही.

पुढच्या वर्षी ऊन तापायला लागलं त्या पहिल्याच दुपारी तिनं मुलीला फोन केला.

"खिडकी उघडी आहे ना गं?"

"आई, एसी चालू आहे. खिडकी कशी उघडणार?"

"तू घरात आहेस?"

"नाही, बाळाला लस द्यायला आलेय. गब्दू आहे घरी. गार खोलीत मस्त घोरत असेल."

"आणि वीज गेली तर?"

पलीकडे मुलगी बाकावरून उठल्याचा आवाज आला.

"दार बंद, खिडक्या बंद, आत तो एकटा," तारकाकू म्हणाली. "गेली तर?"

"निघते मी," मुलगी म्हणाली. "लगेच निघते."

तारकाकूनं हातातली तार तशीच सोडली, पायात चपला सरकवल्या आणि नवऱ्याला म्हणाली, "चला, गाडी काढा. तिच्या आधी आपण पोचू. किल्ली आहे माझ्याकडे."